घरी बनवलेल्या बग्गीला आरटीओ पासिंग मिळतं का? बनवण्याआधी हे वाचा

जळगाव / धुळे : दुचाकीचं जुनं इंजिन, रिक्षाची चाकं, भंगारातले पाईप आणि गावातलाच वेल्डिंगवाला. एवढ्यावर चारचाकी बग्गी उभी राहते, असे व्हिडिओ सध्या प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरत असतात. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या नद्यांच्या काठी वाळूही आहे आणि हाताला कामाची सवय असलेली पोरंही आहेत. कोळपणीचं यंत्र, फवारणीचं यंत्र, दुचाकीला जोडलेला गाडा अशा वस्तू खान्देशात घरोघरी तयार होतात. त्यामुळे बग्गी बनवणं अवघड नाही. अवघड आहे ते तिला नंबर मिळवणं.

व्हिडिओत ‘स्ट्रीट लीगल’ म्हणजे रस्त्यावर कायदेशीर असं लिहिलेलं असतं. ते बहुतेक परदेशातलं असतं. आपल्याकडचे नियम काय, पासिंग कुठं अडतं, बिनानंबरी गाडीनं अपघात झाला तर भरपाई कोण देतो आणि हौस कायद्यात राहून कशी भागवता येते, याची माहिती एकत्र देत आहोत.

थोडक्यात

- घरी बनवलेल्या एका गाडीला तपासून नंबर द्यायची सोपी सोय आपल्या कायद्यात नाही.
- नंबर नाही तर विमा नाही. विमा नाही तर अपघाताची भरपाई मालकाच्या खिशातून, आणि वेळ पडली तर जमिनीतून वसूल होते.
- कुंपणाच्या आत, बंदिस्त आवारात चालवण्यासाठी बग्गी बनवता येते.
- इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी अशा गाड्यांची देशपातळीवरची अधिकृत स्पर्धा आहे.

सँड रेल म्हणजे नेमकं काय?

वाळूच्या टेकड्यांवर पळवायची ही हलकी गाडी. पत्र्याची बॉडी नसते, नुसता पाईपचा सांगाडा असतो. इंजिन मागे, सीट मधे, पुढची चाकं बारीक आणि मागची रुंद. वजन मागच्या चाकांवर आलं की ती वाळूत पकड धरतात आणि पुढचा भाग हलका असल्यानं रुतत नाही.

या गाड्यांचं मूळ अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आहे. तिथले लोक फोक्सवॅगन बीटल या जुन्या कारचा सांगाडा घेऊन समुद्रकाठच्या वाळूत पळवायचे. बीटलचं इंजिन मागे असायचं आणि ते हवेनं थंड व्हायचं, म्हणजे रेडिएटरची भानगड नाही. 1964 मध्ये ब्रूस मेयर्स या माणसानं फायबरची बॉडी असलेली ‘मेयर्स मँक्स’ बग्गी बनवली आणि हा प्रकार जगभर गाजला. बॉडीही काढून टाकली आणि नुसते पाईप ठेवले की झाली सँड रेल.

वाळूत जे उपयोगाचं, तेच डांबरी रस्त्यावर धोक्याचं ठरतं. बग्गी बुटकी असते. महामार्गावरच्या ट्रकचालकाला किंवा एसटीच्या ड्रायव्हरला ती शेजारी आली तरी दिसत नाही. चाकांवर मडगार्ड नसतात, त्यामुळे खडी मागच्याच्या तोंडावर उडते. पुढं बंपर नसतो, धडक थेट पायावर येते. सुरत-धुळे-जळगाव-भुसावळ महामार्ग असो की रावेर-सावद्याकडचा केळीच्या ट्रकांचा रस्ता, अशा गाडीची ती जागा नाही.

देवराष्ट्रेच्या गाडीचं काय झालं?

हा विषय महाराष्ट्रात गाजला तो सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावामुळे. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातलं सामान जमवून मुलासाठी छोटी चारचाकी बनवली. खर्च आला साधारण 60 हजार रुपये. गाडी दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची. डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ देशभर पोचला आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्याची दखल घेतली.

महिंद्रा यांनी लोहारांच्या कौशल्याचं कौतुक केलं, पण सोबत एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालू देणार नाहीत. म्हणून त्यांनी गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली.

लोकांच्या लक्षात बोलेरो राहिली. पण एवढं नाव झालेल्या गाडीचीही गोष्ट संपली ती नंबर असलेल्या दुसऱ्या गाडीवर, हे विसरून चालणार नाही. प्रत्येकाच्या दारात कोणी बोलेरो घेऊन येत नाही.

कायदा ‘गाडी’ कशाला म्हणतो?

बऱ्याच जणांचा समज असा, की कंपनीनं बनवलेली तीच गाडी, घरी बनवलेलं ते ‘जुगाड’. त्याला कायदा लागत नाही. हा समज चुकीचा आहे.

मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 2 (28) मध्ये व्याख्या दिली आहे. इंजिनावर किंवा मोटारीवर चालणारं आणि रस्त्यावर वापरता येण्याजोगं कुठलंही वाहन म्हणजे मोटर वाहन. बॉडी न बसवलेली नुसती चेसिससुद्धा त्यात येते. सूट मोजकी आहे :

- रुळांवर चालणारी वाहनं.
- कारखान्यात किंवा दुसऱ्या बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी केलेली खास वाहनं.
- चारपेक्षा कमी चाकं आणि 25 सीसीपर्यंतचं इंजिन असलेली वाहनं.

बग्गीला चाकं चार. त्यामुळे इंजिन कितीही लहान घातलं तरी शेवटची सूट मिळत नाही. हलक्या, कमी वेगाच्या बॅटरी दुचाकीला नंबर लागत नाही, म्हणून बॅटरीवरच्या बग्गीलाही लागणार नाही, असं काही जण सांगतात. तेही खरं नाही. ती सूट चारचाकीसाठी नाही, आणि दुचाकीलाही ती चाचणी संस्थेची मान्यता असेल तरच मिळते.

‘जुगाड’चा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंतही गेला होता. राजस्थान राज्य परिवहन महामंडळ विरुद्ध संतोष या प्रकरणात 10 मे 2013 रोजी कोर्टानं सांगितलं, की जुगाड हे मोटर वाहनच आहे. त्याला नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं. त्याशिवाय ते रस्त्यावर चालता कामा नये.

पासिंग नेमकं कुठं अडतं?

समजा, कोणी बग्गीला हेडलाईट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, वायपर, सीटबेल्ट सगळं बसवलं आणि गाडी जळगावच्या (एमएच 19) किंवा धुळ्याच्या (एमएच 18) आरटीओ कार्यालयात नेली. तरी काम पहिल्या टेबलावरच थांबतं. कारण नव्या गाडीच्या नोंदणीला पुढचे कागद लागतात :

- नमुना 20 : नोंदणीचा अर्ज.
- नमुना 21 : विक्रीचा दाखला. हा डीलर देतो.
- नमुना 22 : गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे आणि नियमात बसते, असा बनवणाऱ्या कंपनीचा दाखला.
- विमा, पत्त्याचा पुरावा आणि कर.

घरी बनवलेल्या गाडीला नमुना 21 आणि 22 कोण देणार? गावातल्या वेल्डिंगवाल्याचं बिल तिथं चालत नाही. नमुना 22 देण्याआधी कंपनीला त्या मॉडेलची नमुना गाडी सरकारमान्य संस्थेत तपासून घ्यावी लागते. केंद्रीय मोटर वाहन नियम 1989 मधला नियम 126 त्यासाठीच आहे. पुण्यातली एआरएआय, पुण्यातलीच सीआयआरटी, अहिल्यानगरची संरक्षण खात्याची व्हीआरडीई, मध्य प्रदेशातली बुदनीची ट्रॅक्टर चाचणी संस्था या त्यातल्या काही. धुळ्याहून आग्रा रोडनं सेंधव्याच्या पुढे गेलं की इंदूरजवळ पिथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ हे मोठं चाचणी केंद्र आहे.

तिथं ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, आवाज, धूर, सीटबेल्टची पकड, सांगाड्याची ताकद असं एकेक तपासलं जातं. 1 एप्रिल 2020 पासून देशात नव्या गाड्यांना बीएस-6 हे धुराचे नियम लागू आहेत. भंगारातून आणलेलं जुनं इंजिन यात बसत नाही. इंजिन नवं घेतलं तरी त्याची मान्यता ते ज्या गाडीत होतं त्या गाडीपुरती असते. सांगाडा बदलला की तपासणी परत पहिल्यापासून.

हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला हा खर्च परवडतो. एका बग्गीसाठी तो करणं म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग. कंपन्यांनाही हे झटपट जमत नाही. बजाज ऑटोनं जानेवारी 2012 मध्ये आरई-60 नावाची छोटी चारचाकी दाखवली होती. ‘क्वाड्रीसायकल’ हा गाड्यांचा नवा वर्ग नियमात बसवण्यात आणि कोर्टकचेरीत वर्षं गेली. ‘क्यूट’ नावानं ती गाडी महाराष्ट्रात विक्रीला आली 2019 मध्ये.

परदेशात वेगळी पद्धत आहे. ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकच गाडी सरकारी केंद्रात तपासून घेता येते. पास झाली की नंबर मिळतो. अमेरिकेतही अनेक राज्यांत ‘खास बांधणीची गाडी’ म्हणून नोंद होते. व्हिडिओतली बग्गी रस्त्यावर दिसते ती या सोयीमुळे. त्या देशाचा कागद इथल्या आरटीओत चालत नाही.

जुनं आरसी बुक लावलं तर?

इथंच बरेच जण फसतात. जुन्या जीपचं किंवा कारचं आरसी घ्यायचं, तिचा चेसिस नंबर कापून नव्या सांगाड्यावर वेल्ड करायचा आणि ‘पासिंगची गाडी’ म्हणून फिरायचं, असा सल्ला गॅरेजमध्ये सहज मिळतो. एजंटही पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणतात.

कायद्याचं कलम 52 सांगतं, की आरसीत लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेला बदल अशा गोष्टींना परवानगी आहे, पण मान्यताप्राप्त किट वापरून आणि आरसीवर नोंद करूनच. सांगाडाच बदलायची परवानगी यात येत नाही. आणि चेसिस नंबर कापून दुसरीकडे लावणं म्हणजे नुसता दंडाचा विषय राहत नाही. बनावटगिरीचा आणि चोरीच्या संशयाचा गुन्हा मागे लागू शकतो.

कोणी ‘पासिंगची बग्गी’ विकायला आणली, तर तिचा नंबर ‘एमपरिवहन’ अ‍ॅपमध्ये टाकून पाहा. कंपनी, मॉडेल, गाडीचा प्रकार सगळं दिसतं. स्क्रीनवर कार आणि समोर पाईपची बग्गी असेल, तर व्यवहार तिथंच सोडून द्या.

दंड किती?

केंद्रीय कायद्यात ठरलेली शिक्षा अशी आहे. जागेवर तडजोडीनं भरायची रक्कम राज्य सरकार वेगळी ठरवू शकतं.

- नोंदणी नसलेली गाडी चालवणं (कलम 192) : पहिल्या वेळी 2 हजार ते 5 हजार रुपये. दुसऱ्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद.
- विमा नसणं (कलम 196) : पहिल्या वेळी 2 हजार, पुन्हा सापडल्यास 4 हजार रुपये. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.
- लायसन्स नसणं (कलम 181) : 5 हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.
- मालकानं गाडीत बेकायदा बदल करणं (कलम 182 अ) : प्रत्येक बदलाला 5 हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.
- अल्पवयीन मुलानं गाडी चालवणं (कलम 199 अ) : पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

बिनानंबरी गाडी जप्त करण्याचा अधिकारही कलम 207 प्रमाणे आहे. शेवटचा मुद्दा घरच्यांनी नीट लक्षात ठेवावा. बग्गी बहुतेक वेळा पोराच्या हट्टासाठी बनते आणि चालवतोही तोच.

दंडापेक्षा मोठा धोका : सात-बारा

दंड भरून माणूस घरी येतो. अपघात झाला तर तसं होत नाही.

नंबर असलेल्या गाडीला थर्ड पार्टी विमा असतो. तिनं कोणाला उडवलं तर भरपाई विमा कंपनी देते. घरी बनवलेल्या गाडीचा विमा कोणतीच कंपनी उतरवत नाही, कारण चेसिस नंबर नाही, नोंदणी नाही. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जबाबदार कोण? एकटा मालक.

कायद्याच्या कलम 164 प्रमाणे, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यू झाल्यास 5 लाख आणि गंभीर जखम झाल्यास अडीच लाख रुपये मागता येतात. ते विमा कंपनीनं द्यायचे किंवा मालकानं. चूक सिद्ध करून केलेल्या दाव्यात तर जखमी माणसाचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेलं कुटुंब पाहून रक्कम ठरते. ती यापेक्षा कितीतरी जास्त होऊ शकते.

ही रक्कम मालकानं भरली नाही तर? कलम 174 प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देऊ शकतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. सोप्या भाषेत सांगायचं तर वसुली तहसील कार्यालयातून सुरू होते आणि नजर सात-बाऱ्यावर जाते. फौजदारी गुन्हा वेगळा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ज्याला धडक बसते तो बहुतेक आपल्याच गावचा असतो. बाजारातून परतणारा, बैल घेऊन निघालेला, शाळेतून येणारा. विमा नसला की त्याच्या घरालाही वेळेवर पैसे मिळत नाहीत आणि आपलंही घर बसतं. हजारो रुपयांच्या बग्गीपायी एकरांची जमीन अडकते ती अशी.

शेतात, नदीत चालवली तर?

‘रस्त्यावर नेतच नाही, मग कोण विचारतो?’ हा प्रश्न नेहमी येतो.

पहिली गोष्ट, कलम 39 मध्ये नुसतं ‘सार्वजनिक ठिकाण’ लिहिलेलं नाही. ‘किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असेही शब्द आहेत. म्हणून खरी सूट मिळते ती बंदिस्त आवारात वापरायच्या वाहनालाच. चारी बाजूंनी कुंपण, फाटक आणि बाहेरच्याला बंदी, अशी जागा हवी. नुसता बांध असलेलं शेत म्हणजे बंदिस्त आवार, असं गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट, लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कुठलीही जागा कायद्यानं सार्वजनिक ठिकाण ठरते. पाणंद, शिवाररस्ता, गावठाणातलं मैदान, जत्रेची जागा सगळं यात आलं.

तिसरी गोष्ट, नदीपात्र. तापी-गिरणेच्या पात्रात लोक धुणं-पाण्याला, गुरं घेऊन, दशक्रियेला येतात. पात्र सरकारी मालकीचं आहे. वाळू उपशावर महसूल पथकांची नजर असते, तिथं बिनानंबरी गाडी दिसली की चौकशी होणारच. उपशामुळे पडलेले खड्डे पाण्याखाली किंवा सैल वाळूखाली दिसत नाहीत, तो धोका वेगळाच.

चौथी गोष्ट, जंगल. यावल अभयारण्य आणि शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य इथं वन विभागाच्या परवानगीशिवाय कुठलीच गाडी नेता येत नाही. बग्गी तर नाहीच नाही.

बंदिस्त जागेसाठी बनवायची, तर काय सांभाळावं?

स्वतःच्या कुंपणातल्या जागेत चालवायची असली तरी बग्गी उलटू शकते आणि पेटूही शकते. पुढच्या गोष्टींत काटकसर करू नये.

पाईप : पाण्याच्या नळाचे जीआय पाईप वापरू नका. वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा धूर अंगात जाऊन थंडी-ताप येतो, आणि तो पाईप सांगाड्याचा भार घ्यायला बनवलेलाच नसतो. इंजिनीअरिंगच्या मुलांच्या बाजा स्पर्धेत मुख्य सांगाड्यासाठी बाहेरून 25 मिलिमीटर व्यासाचा, 3 मिलिमीटर जाडीचा, किमान 0.18 टक्के कार्बन असलेला पोलादी पाईप किंवा तेवढ्याच ताकदीचा पाईप धरतात. तो अंदाज समोर ठेवावा.

पिंजरा : ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर आणि बाजूनं पाईपचा पिंजरा हवा. गाडी उलटली तरी हेल्मेट जमिनीला लागता कामा नये. सांधे नुसते टाके मारून सोडू नका, सगळीकडून पूर्ण वेल्ड करून घ्या.

इंजिन : दुचाकीच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो, हे आधी ध्यानात घ्या. मारुती 800 चं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असल्यानं तो पूर्ण संच मागे बसवता येतो, म्हणून तो लोकांना सोपा वाटतो. पण मग वजन आणि वेग दोन्ही वाढतात. ब्रेकही त्या मापाचा पाहिजे.

मागचा आस : चेनवर फिरणारा सरळ आस असेल तर वळताना दोन्ही चाकं सारखीच फिरतात. वाळूत चाक घसरून जातं. कडक जमिनीवर मात्र गाडी सरळच ओढते आणि उलटायची भीती असते. डिफरन्शियल असलेला आस बरा.

ब्रेक : चारही चाकं एकाच वेळी थांबली पाहिजेत. पुढच्या आणि मागच्या ब्रेकची लाईन वेगळी ठेवली तर एक फुटली तरी दुसरी चालते.

पेट्रोल टाकी : सीटखाली किंवा सायलेन्सरजवळ नको. मधे पत्र्याची आडभिंत पाहिजे. प्लॅस्टिकची बाटली किंवा कॅन टाकी म्हणून वापरू नका.

बंद करायचं बटण : एक ड्रायव्हरच्या हाताशी, एक बाहेरून दुसऱ्याला दाबता येईल असं. स्पर्धेतल्या गाड्यांना ही दोन बटणं सक्तीची असतात.

अंगावर : हेल्मेट, खांदे आणि कंबर दोन्ही धरणारा बेल्ट, बंद बूट. साडी, उपरणं, ओढणी घेऊन कोणी बसू नये, कारण चेन उघडी असते. स्पर्धेत ड्रायव्हरला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे असा नियम आहे. घरच्या बग्गीतही एकदा घड्याळ लावून पाहा.

भंगाराचे कागद : इंजिन घेताना बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत मागून घ्या. इंजिन नंबर घासलेला असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. चोरीचा माल जवळ सापडला तर गुन्हा आपल्यावर येतो.

पोराला खरंच आवड असेल तर

हात चालतो त्या पोराला नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. त्याच्यासाठी चांगली वाट आहे.

‘बाजा एसएईइंडिया’ ही इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा 2007 मध्ये पिथमपूरला सुरू झाली. विद्यार्थी स्वतः एका माणसाची, खडबडीत रस्त्यावर पळणारी गाडी आखतात, बनवतात आणि चालवतात. दिसायला ती सँड रेलची भावंडंच. 2015 पासून बॅटरीवरच्या गाड्यांसाठी ‘ई-बाजा’ही आहे. आधी कागदावरचं डिझाईन तपासतात, मग गाडीची सुरक्षा, ब्रेक आणि शेवटी काही तासांची शर्यत. या गाड्यांनाही रस्त्याचा नंबर नसतो. त्या टेम्पोत घालूनच मैदानावर न्याव्या लागतात.

जळगाव, धुळे, शिरपूर इथं इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत. प्रवेश घेताना कॉलेजमध्ये एसएईचा विद्यार्थी क्लब आहे का, बाजाला संघ जातो का, हे जरूर विचारावं. दहावीनंतर लगेच कामाला लागायचं असेल तर आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर, मेकॅनिक मोटर व्हेईकल हे ट्रेड आहेत. तिथं शिकलेला वेल्ड आयुष्यभर उपयोगी पडतो.

आणि गाड्या बनवण्याचा धंदाच करायचा असेल, तर रीतसर उद्योग नोंदवून, एक मॉडेल ठरवून ते एआरएआयसारख्या संस्थेत पास करून घेणं हाच रस्ता आहे. शेतीची अवजारं आणि ट्रॉली बनवणारे अनेक कारखानदार गावातल्या शेडमधूनच पुढे आले. त्यांचीही रस्त्यावर येणारी ट्रॉली नोंदणीच्या नियमातूनच जाते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या वरातीत गावातल्या गावात चालवली तर चालते का?
नाही. गावचा रस्ता सार्वजनिक ठिकाणच आहे. वरातीत गर्दी असते, धोका उलट जास्त.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घेतला तर?
वाहन नोंदणीचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. तो दाखला रस्त्यावर किंवा न्यायाधिकरणात उपयोगी पडत नाही.

शेतीसाठी बनवली म्हणून ट्रॅक्टरसारखी नोंद होते का?
ट्रॅक्टरचं मॉडेलही चाचणी होऊनच बाजारात येतं. घरी बनवलेल्या गाडीला ‘शेतीची’ म्हटल्यानं नोंद मिळत नाही.

एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायची असेल तर?
नंबर असलेल्या टेम्पोत किंवा ट्रॉलीत चढवून, नीट बांधून न्यावी. चालवत नेऊ नये.

बग्गी बनवून झाली आहे, आता काय करायचं?
बंदिस्त जागा असेल तर तिथंच ठेवा आणि चावी मोठ्या माणसाकडे ठेवा. जागा नसेल तर इंजिन उतरवून ठेवणं बरं. आयटीआय किंवा कॉलेजला शिकवण्यासाठी हवी आहे का, तेही विचारता येईल. आपल्या प्रकरणात काही वेगळं असेल तर पैसे खर्च करण्याआधी आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर वेल्डिंग सुरू करू नका.